भिंत श्वास घेते म्हणजे काय? नशा, नजर आणि मेंदू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात नेत्रतपासणी शिबिर होतं त्या दिवशी वाचनालयात मी 'डोळा आणि मेंदू' यावर तासभर बोललो. पंचवीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवतोय. भिंग, उलटी प्रतिमा, मोतीबिंदू एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. शेवटी डब्यात चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या नशेच्या निघाल्या! पुण्या-नागपुरात शिकणारी पोरं दिवाळीला घरी आलेली, मोबाइलवर रंगीबेरंगी रील फिरत असलेले, आणि धोत्रा तर आमच्याकडे प्रत्येक उकिरड्यावर. तेव्हा जे सांगितलं आणि नंतर पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत जे विचारलं गेलं, ते इथे एका जागी लिहून ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच भाषेत ठेवले आहेत.

सर, हे सायकेडेलिक म्हणजे कोणती नशा? दारू-गांजातच येते का?

नाही. दारू मेंदूला सुस्त करते. गांजाचा मेंदूतला रस्ता वेगळा. सायकेडेलिक म्हणजे मुख्यतः एलएसडी, काही अळिंब्यांत असणारं सिलोसायबिन, मेक्सिकोकडच्या पेयोटी नावाच्या निवडुंगातलं मेस्कलिन आणि डीएमटी. यांनी तोल जाण्यापेक्षा दिसणं, वेळेचं भान आणि 'मी'पणाची जाणीव बदलते.

एलएसडी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली तयार केलं. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीतल्या द्रव्यांवर तो काम करत होता. आपल्याकडे बाजरीवर अरगट येतो, त्याच्याच भावकीतली ही बुरशी. पाच वर्षं ते रसायन पडून राहिलं. १९ एप्रिल १९४३ रोजी त्याने स्वतःच २५० मायक्रोग्रॅम घेतलं. त्याला वाटलं, अगदी कमी घेतोय. प्रत्यक्षात आज ज्याला भरपूर म्हणतात त्याच्याही वर ते होतं. सायकलवरून घरी जाताना रस्ता वाकडातिकडा दिसत होता आणि आपण जागचे हलतच नाही असं त्याला वाटत होतं. सोबतचा माणूस मात्र नंतर म्हणाला, आपण चांगले जोरात आलो.

बिघाड डोळ्यात होते का मेंदूत?

मेंदूत. बाहुल्या मोठ्या होतात हे खरं, पण खेळ तिथला नाही. ज्यांची नजर नंतर गेली अशा काही अंध माणसांनाही एलएसडीने दृश्यं दिसल्याची नोंद आहे. डोळा बंद असूनही चित्र दिसतं, म्हणजे ते काढणारा मागे बसलेला आहे.

हे समजायला आधी साधं बघणं समजून घ्यावं लागतं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी आहेत, पण तिथून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे डोळाच बरंचसं गाळून पाठवतो. ते आधी मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस या नाक्यावर जातं आणि तिथून डोक्याच्या पार मागे, जिथे आपण उशी टेकवतो, तिथल्या बघण्याच्या भागात. गंमत अशी की नाक्यावर डोळ्याकडून येणाऱ्या तारा थोड्या आणि मेंदूकडून उलट येणाऱ्या तारा त्यांच्या कितीतरी पट. मेंदू नुसतं घेत नाही, 'तिथे अमुक असणार' असा अंदाज सतत खाली पाठवतो. डोळ्याकडून आलेली खबर तो अंदाज दुरुस्त करते.

जागलीवर गेलेल्या माणसाला हे शिकवायला नको. रात्री दोन वाजता धुऱ्यावर रोही (नीलगाय) उभा दिसतो. कान, मान, शेपटी, सगळं. बॅटरी मारली की तुरीचं झाड निघतं. रोही डोळ्याने पाहिलाच नव्हता. अंधारात खबर तुटपुंजी होती आणि मनात रोही होता, म्हणून मेंदूने रोही काढला. दोरीला साप समजण्याचा दाखला आपल्याकडे जुना आहे, फक्त लोक त्यातून थेट ब्रह्माकडे जातात. मी थॅलॅमसपाशीच थांबतो.

मग हे रसायन तिथे जाऊन करते काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात. त्यातलं एक सेरोटोनिन. त्याची कुलपं, म्हणजे रिसेप्टर, डझनभराहून अधिक जातींची आहेत. सायकेडेलिकचं काम मुख्यतः 'टू-ए' नावाच्या कुलपावर चालतं. १९९८ साली झुरिचमध्ये स्वयंसेवकांना सिलोसायबिनच्या आधी हे कुलूप अडवणारं केटान्सेरिन दिलं, तर दृश्यं आलीच नाहीत. डोपामिन या दुसऱ्या रसायनाचं कुलूप अडवणारं हॅलोपेरिडॉल दिलं, तेव्हा ती थांबली नाहीत. इतका सरळ पुरावा मेंदूच्या बाबतीत क्वचित मिळतो.

ही कुलपं मेंदूच्या वरच्या सालीत दाट आहेत, बघण्याच्या भागातही. ती उघडली की पेशी उतावीळ होतात आणि कारण नसताना बोलू लागतात. एलएसडी तर आत शिरलं की कुलपाचा एक तुकडा झाकणासारखा वर येतो आणि ते आत अडकून बसतं. एक-दोन मिठाच्या कणांएवढा डोस आणि असर आठ ते बारा तास, त्यामागे हेही एक कारण. सिलोसायबिनचा असर साधारण चार ते सहा तासांत ओसरतो.

भिंत हालते, श्वास घेते म्हणतात. भिंत काहून हालन?

डोळ्याच्या पडद्यावर भिंत कधीच स्थिर नसते, हे आधी मान्य करा. आपला डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारतो आणि उड्यांच्या मध्येही बारीक थरथरतो. पडद्यावरचं चित्र सारखं सरकत असतं. 'मी हललो, भिंत नाही' हा हिशोब मेंदू आतल्या आत करतो आणि आपल्याला शांत भिंत दाखवतो. शिवाय हालचाल ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि जागा ओळखणाऱ्या वेगळ्या. हा हिशोब सैल झाला की भिंत जागची हलत नाही, तरी 'हलतेय' अशी खबर येत राहते. त्यातून फुगणं-आकसणं वाटतं. हे मला पटणारं स्पष्टीकरण. शेवटचा शब्द अजून कोणी बोललेलं नाही. शेणाने सारवलेली, पोतेऱ्याचे फराटे असलेली भिंत गुळगुळीत भिंतीपेक्षा जास्त हलणार, कारण अंदाज करायला तिथे माल जास्त.

हात फिरवला की मागे हातांची रांग दिसते, तेही याच घरातलं. आधीचं चित्र वेळेवर पुसलं जात नाही.

जाळ्या, बोगदे, चक्रं हेच सगळ्यांना काहून दिसते? माणसं तर वेगवेगळी.

हा प्रश्न नववीतल्या मुलीचा. माझ्या मते डब्यातला सगळ्यात चांगला.

हाइनरिश क्ल्यूवर या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मेस्कलिन घेऊन दिसणाऱ्या आकारांची मोजदाद केली. त्याला चारच घराणी सापडली. एक जाळी किंवा मधमाश्यांचं पोळं, दुसरं कोळ्याचं जाळं, तिसरा बोगदा किंवा नरसाळं, चौथं मळसूत्र. अर्धशिशीच्या आधी दिसणारे चमचमते आकार असोत की डोळे चोळल्यावरच्या चांदण्या, या घराण्यांच्या आसपासच फिरतात. म्हणजे हे आकार औषधाचे नाहीत, मेंदूच्या बांधणीचे आहेत.

आता बांधणी कशी? आपण नजर लावतो त्या मधल्या बिंदूला मेंदूच्या मागच्या सालीवर प्रचंड जागा मिळालेली आहे आणि कडेच्या दृश्याला थोडी. जमिनीच्या नकाशात एखाद्याचं एक एकर दहा एकराएवढं काढावं, तसा हा नकाशा ताणलेला आहे. या ताणामुळे बाहेरचं गोल वर्तुळ सालीवर जवळजवळ सरळ रेघ होऊन पडतं आणि मध्यातून फुटणारे किरण त्या रेघेला आडव्या सरळ रेघा होऊन पडतात.

हे उलट करून बघा. समजा सालीवरच्या पेशी उतावीळ झाल्या आणि बाहेर काही नसताना आपसातच लाटा उठू लागल्या. शेजारचा शेजाऱ्याला चेतवतो, जरा लांबचा लांबच्याला दाबतो. अशा व्यवस्थेत आपोआप पट्टे पडतात, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासांसारखे, म्हणजे ओळींसारखे, एक भरलेला, एक रिकामा. ही तासं मेंदूत सरळच असतात. पण त्या माणसाला ती ताणलेल्या नकाशातून उलटी वाचली जाऊन दिसतात. एका दिशेची तासं बोगद्याची वर्तुळं होतात, त्यांना आडवी तासं मध्यातून फुटणारे किरण होतात आणि तिरपी तासं मळसूत्र. दोन्ही बाजूंनी तासं पडली, आपल्या चौफुली लागवडीसारखी, की जाळी. जॅक कॉवन आणि बार्ड एर्मेनट्रॉट यांनी १९७९ साली हे गणिताने मांडलं आणि २००१ मध्ये कॉवन व इतरांनी ते आणखी पुढे नेलं. फळ्यावर मी हे काढून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "म्हणजे वावर आपलंच, फक्त गोल दिसते." यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

मेंदूचे फोटो काढून कोणी पाह्यलं का?

पाहिलं. २०१६ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने २० निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून ७५ मायक्रोग्रॅम एलएसडी देऊन, डोळे मिटलेले असताना, मेंदूची छायाचित्रं घेतली. बघण्याच्या भागात रक्तपुरवठा वाढला होता आणि एरवी त्याच्याशी फारसा संबंध न ठेवणारे भाग त्याच्याशी जोडीने चालत होते. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागे सेकंदाला आठ ते बारा ठोक्यांची एक संथ लय असते, ती खाली आली होती. मिटल्या डोळ्यांपुढचं दुकान बंद ठेवणारी ही लय. ती गेली की शटर अर्धं उघडं.

दुसरीकडे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात उंदरांना याच जातीचं एक रसायन देऊन पडद्यावर चित्रं दाखवली. बघण्याच्या भागाचा प्रतिसाद वाढेल असं कोणालाही वाटलं असतं, पण तो घटला. बाहेरची खबर दबते आणि आतली बडबड मोठी होते. मला हे दोन प्रयोग एकमेकांशेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं असं वाटतं.

देव दिसतात म्हणे?

कोणाला काय दिसेल ते त्याच्या मनात काय साठलंय त्यावर. आकार मेंदूची बांधणी देते, चेहरे आयुष्य देतं. पुढचं कीर्तनकाराला विचारा.

सर, धोत्र्यानंबी असंच दिसते. तो तर फुकट आहे.

हे उत्तर लांब होणार आहे आणि ते मुद्दाम लांब ठेवलं आहे.

धोत्रा सायकेडेलिक नाही. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो म्हणून तो सोज्वळ होत नाही. त्यात अॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं आहेत आणि ती सेरोटोनिनचं कुलूप उघडत नाहीत, अॅसिटिलकोलिन नावाच्या वेगळ्याच रसायनाचं बंद करतात. आठवण, लक्ष, शुद्ध यांची वीज त्या तारेवर चालते. एलएसडी घेतलेल्याला बहुतेक वेळा माहीत असतं की भिंत खरी हलत नाही. धोत्रा खाल्लेल्याला माहीत नसतं. तो नसलेल्या माणसाशी बोलतो, नसलेली विडी ओढतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. जीभ लाकडासारखी कोरडी, अंग तापलेलं, लघवी अडलेली, बाहुल्या इतक्या मोठ्या की जवळचं वाचता येत नाही. एका बोंडात किती विष आहे हे झाडागणिक बदलतं, त्यामुळे 'थोडंसं' असं काही नसतंच. पूर्वी वाटसरूंना खाऊ घालून लुटायला लोक हाच वापरत, हे लक्षात असू द्या.

हे मी घरात पाहिलंय, धोत्र्याशिवाय. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. माझे काका त्या हंगामात वाचलेल्यांपैकी. ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाने शरीरात अॅसिटिलकोलिन साचतं, म्हणून उतारा अॅट्रोपिनचाच टोचतात, म्हणजे धोत्र्यातलंच द्रव्य. जीव वाचवायला ते भरपूर द्यावं लागतं आणि डोस चढला की माणूस बरळतो. तिसऱ्या रात्री काका चादरीवरून दोन बोटांनी काहीतरी उचलून कमरेशी टाकत होते. नर्सबाई म्हणाल्या, असं करतात पेशंट, औषध जास्त झालं की. काकूने जरा वेळ बघितलं आणि तिला समजलं. ते कापूस वेचत होते. बोंड धरायचं, चिमटीने ओढायचं, ओटीत टाकायचं. मध्येच काकूला म्हणाले, "ओलं बोंड घेऊ नको व." वेचणीला अजून महिना होता. डॉक्टरांनी डोस कमी केला, दुसऱ्या दिवशी कापूस गेला. त्यांना आज त्यातलं काही आठवत नाही, काकूला सगळं आठवतं.

भांगेनं?

भांग गांजाच्याच झाडाची, पण पानं. तिचं कुलूप तिसरंच. मिनिटाचा तास वाटतो, हसू थांबत नाही, जास्त झाली तर घाबरा होतो आणि कधी भासही होतात. ती पोटातून जाते म्हणून चढायला तास-दोन तास लागतात, आणि 'चढलीच नाही' म्हणून दुसरा ग्लास घेतलेले होळीच्या संध्याकाळी ओट्यावर आडवे सापडतात.

पावसाळ्यात टेकोडे येतात, त्यात ते जादूचे असतात का?

आमच्याकडे वारुळावरच्या सात्या आणि टेकोडे या अळिंब्या खातात, आणि ते आणणाऱ्या बायांना चार पिढ्यांची ओळख असते. रील बघून शेणावरची छत्री तोंडात टाकणाऱ्याला ती ओळख नसते. काही विषारी अळिंब्या खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये एक दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत संपत आलेलं असतं. फोटो पाठवून 'सर ही कोणती' असं मला विचारू नका. फोटोवरून मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नका.

चकवा लागते तो हाच प्रकार का जी?

त्यात रसायन नाही, पण नातं आहे. अंधार, थकवा, ओळखीची खूण नाही. अशात माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. डोळे बांधून मैदानात चालायला लावलं तरी हेच होतं. बाहेरची खबर कमी पडली की मेंदू स्वतःच्या अंदाजावर बंडी हाकतो. चपला काढून उलट्या घालायचा उपाय आजोबा सांगत. त्या निमित्ताने माणूस खाली बसतो, थांबतो, एवढा तरी फायदा आहेच.

एकदा घेतलं तर काय होते? मित्र म्हणते व्यसन लागत नाही.

दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही, हे मित्राचं खरं आहे. बाकीचं तो सांगत नाही. काहींना महिनोन्‌महिने नजरेसमोर टीव्हीच्या मुंग्यांसारखे ठिपके, वस्तूंमागे शेपट्या दिसत राहतात. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे, त्यांचा आजार एका डोसने जागा होऊ शकतो, आणि घरात तो आहे हे आपल्याकडे पोराला सांगितलेलं नसतंच. 'मामा जरा असाच होता' एवढंच. तिसरी गोष्ट, एलएसडी म्हणून विकलेल्या कागदाच्या तुकड्यावर एनबोम नावाची भलतीच रसायनं निघालेली आहेत आणि त्यांनी माणसं मेली आहेत. बियाणं बोगस निघालं तर निदान पंचनामा होतो.

पण बाहेरदेशी हे औषध म्हणून देतात ना?

देतात, मोजून-मापून. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ, इतर उपायांना दाद न देणाऱ्या नैराश्यात सिलोसायबिन देऊ शकतात. आधी तपासणी, शेजारी बसलेला माणूस, नंतर बोलणं. भारतात एलएसडी किंवा सिलोसायबिन कुठल्याही दवाखान्यात उपचार म्हणून मिळत नाही.

पकडलं तर?

१९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा लागतो. एलएसडी ०.१ ग्रॅम म्हणजे 'व्यापारी प्रमाण', आणि त्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी. गुंजभरही नाही हो ते.

पोरगा काहीतरी घेऊन आला आणि बडबडतोय. काय करायचं?

मारू नका, मांत्रिक आणू नका, ताक-लिंबू पाजून बसू नका. अंग तापलं असेल, शुद्ध हरपत असेल, फिट येत असेल किंवा धोत्र्याचा संशय असेल तर सरळ १०८ ला फोन. काय खाल्लं ते झाड, बोंड, पुडी सोबत न्या. डॉक्टरला खरं सांगा, त्याला उपचार करायचेत. नुसता घाबरला असेल तर मंद उजेड, कमी माणसं आणि ओळखीचा एकच आवाज. विहिरीकडे, रस्त्याकडे जाऊ देऊ नका. नंतर बोलायला १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. दोन्ही फुकट.

आमच्या आजीले भिंतीवर बारकी माणसं दिसतात. तिनं तर चहाशिवाय काही घेतलं नाही.

आजीला वेड लागलेलं नाही, आणि कोणी काही केलेलंही नाही. मोतीबिंदू किंवा पडद्याच्या आजाराने डोळ्याकडून खबर येणं आटलं की मेंदूचा बघण्याचा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉनेने १७६० साली आपल्या आजोबांचं असंच बघणं लिहून ठेवलं, म्हणून हा आजार त्याच्या नावाने ओळखतात. बारकी माणसं, नक्षी, चेहरे दिसतात, पण ती बोलत नाहीत आणि बहुतेकदा आजीला आतून ठाऊक असतं की ती खरी नाहीत. लोक हसतील म्हणून म्हातारी माणसं सांगत नाहीत. आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. माणसं बोलू लागली, किंवा आजी घरच्यांनाच ओळखेनाशी झाली, तर मात्र ते वेगळं, डॉक्टरला दाखवा.

काही न घेता असं बघता येते का?

येतं. कालव्याच्या पुलावर उभे राहा आणि वाहत्या पाण्यातल्या एकाच जागी मिनिटभर नजर लावा. मग पटकन काठावरच्या गवताकडे बघा. काठ पाण्याच्या उलट दिशेला सरकताना दिसेल, आणि सरकूनही जागच्या जागी असेल. एका दिशेची हालचाल टिपणाऱ्या पेशी थकल्या की उलट दिशेच्या वरचढ होतात, एवढंच. दहा-पंधरा सेकंदांत थांबतं. कठड्याला धरून उभे राहा, आणि पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी लहान पोरांना एकटं पाठवू नका.